काहीच घडू नये म्हणून

साळुंकी, मुंगूस आणि नारळाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगा या तिघांची मराठी माणसाला नव्याने ओळख करून द्यायला नको. साळुंकी अंगणात कलकलाट करते, मुंगूस आडवे गेले तर शुभशकुन मानणारी माणसे अजून आहेत आणि भुंग्याला कोकणातला बागायतदार शिव्या घालत का होईना, पिढ्यान्‌पिढ्या निभावून नेत आला आहे. हेच तिघे प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोचले आणि तिथल्या उपद्रवी जीवांच्या यादीत वरच्या जागा पटकावून बसले. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकाला नेली गेली, उसाच्या मळ्यांतल्या उंदरांचा बंदोबस्त करायला. त्यांची पिलावळ तिथून १८८३ मध्ये हवाईत आली आणि त्याच वर्षी फिजीच्या मळ्यांतही मुंगूस सोडले गेले. उंदीर हिंडतो रात्री, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडायची ती किती? मुंगसाने मग जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले मटकावायला सुरुवात केली. साळुंकीला किडे खाण्यासाठी मुद्दाम नेले. भुंग्याला मात्र कोणी बोलावले नव्हते. तो १९०९च्या सुमारास सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर सामोआत उतरला आणि जिथे नारळ म्हणजे अन्न, पाणी, छप्पर आणि रोकड, तिथे नारळाच्याच मुळावर उठला.

आपल्याकडे हे जीव डोईजड होत नाहीत, कारण त्यांना खाणारे, त्यांच्याशी स्पर्धा करणारे, त्यांना आजारी पाडणारे इतर जीवही इथेच आहेत. हजारो मैल समुद्राने वेढलेल्या बेटावर तो हिशेबच वेगळा असतो. तिथे पोचणेच मुळात इतके अवघड की साप, मांजरे, मुंगसे, कित्येक ठिकाणी मुंग्यासुद्धा माणूस येईपर्यंत पोचल्याच नव्हत्या. पक्ष्यांनी उडायचे सोडले, झाडांनी काटे टाकले, गोगलगायी भीती न बाळगता पानांवर पसरल्या. पृथ्वीवरच्या एकूण जमिनीचा जेमतेम पाच टक्के भाग बेटांचा आहे, पण गेल्या पाचशे वर्षांत नामशेष झालेल्या ज्ञात प्रजातींपैकी सुमारे साठ टक्के बेटांवरच्या होत्या. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये आक्रमक परकीय प्रजातींवर जो अहवाल दिला, त्याप्रमाणे जगभरात अशा साडेतीन हजारांहून अधिक प्रजाती नुकसान करत आहेत आणि हे नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरांच्या वर गेले आहे. या अहवालांच्या शेवटी ‘जनजागृती’ हा शब्द हमखास येतो, बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, सगळी खरी कामे सांगून झाल्यावर. माझा आक्षेप या जागेला आहे. बेटांच्या बाबतीत सामान्य माणसाची नजर ही शास्त्रीय कार्यक्रमाची शोभेची पुरवणी नाही, ते त्याचे पहिले हत्यार आहे. ते वेळेवर हातात घेतले नाही तर पुढच्या हत्यारांना फारसा अर्थ उरत नाही.

ग्वामचा इतिहास यासाठी नीट पाहायला हवा. पश्चिम प्रशांत महासागरातले हे अमेरिकेच्या ताब्यातले बेट लांबीने पन्नास किलोमीटरच्या आसपास. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्करी सामानाची मोठी ने-आण चालू असताना, बहुधा न्यू गिनीच्या उत्तरेकडच्या मानुस बेटावरून आलेल्या मालात, तपकिरी रंगाचा झाडावर चढणारा एक साप ग्वामला आला. सडपातळ, रात्री हिंडणारा, दिवसा फटीत गुडूप होणारा. पन्नाशीच्या दशकात तो बंदराच्या आसपास दिसू लागला. साठीत दक्षिण भागातल्या रानांतून पक्षी कमी झाले, मग ही ओहोटी उत्तरेकडे सरकत गेली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्वामच्या बारा स्थानिक रानपक्ष्यांपैकी बहुतेक सगळे बेटावरून नाहीसे झाले. या काळात कारणे शोधली जात नव्हती असे नाही. कीटकनाशकांवर संशय घेतला गेला, पक्ष्यांच्या रोगांवर घेतला गेला, शिकारीवर आणि वादळांवरही. सापावर तज्ज्ञांचा विश्वास बसत नव्हता, कारण एका सापाने अख्ख्या बेटावरचे पक्षी संपवल्याचे उदाहरण जगात कुठेच नव्हते. खुराड्यात कोंबडीच्या पिल्लांऐवजी वेटोळे घालून बसलेला साप ज्यांना सापडत होता, त्यांना असल्या उदाहरणाची गरज नव्हती.

ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ मध्ये या प्रकरणाचा छडा लावणारा निबंध प्रसिद्ध केला. तिच्या पद्धतीतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. साप बेटावर कधी कुठपर्यंत पसरला, याचा नकाशा तिने मुख्यतः रहिवाशांना विचारून तयार केला. तुमच्या भागात साप पहिल्यांदा कधी दिसला, पक्षी कधीपासून दिसेनासे झाले? ही उत्तरे एकमेकांशेजारी मांडल्यावर साप पुढे सरकल्याच्या आणि पक्षी मागे हटल्याच्या तारखा जुळल्या. शिवाय तिने पक्ष्यांचे आमिष लावलेले सापळे ठेवले. जिथे पक्षी संपले होते तिथे साप आमिषावर तुटून पडले. म्हणजे ज्या पुराव्यावर अखेर निकाल लागला, त्याचा मोठा हिस्सा ग्वामच्या माणसांच्या डोक्यात वर्षानुवर्षे पडून होता. बघणारे होते, ऐकून घेणारे नव्हते. तोवर उशीर इतका झाला होता की ग्वामच्या खास खंड्याचे, तिथे त्याला सिहेक म्हणतात, शेवटचे २९ पक्षी पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत हलवावे लागले. साप विजेच्या तारांवर चढून अंधार करू लागला. १९७८ ते १९९७ या काळात त्याने दीड हजारांहून अधिक वेळा वीज घालवली. किडे टिपणारे पक्षी गेल्यावर कोळी बेसुमार वाढले. पावसाळ्यात शेजारच्या बेटांच्या चाळीसपट जाळी ग्वामच्या रानात मोजली गेली आहेत. फळे खाऊन बिया दूरवर टाकणारे कोणी उरले नाही, म्हणून नवी झाडे उगवणेही मंदावले. आज हेलिकॉप्टरमधून मेलेले उंदीर रानावर टाकले जातात. प्रत्येकात ८० मिलिग्रॅम पॅरासिटामोल, म्हणजे आपण तापावर घेतो तेच औषध, जे या सापाला मारक ठरते. युक्ती अफलातून आहे. पण बंदरातल्या एका पेटीत एक साप असताना जे काम एका काठीने झाले असते, त्यासाठी आता वर्षाला लाखो डॉलर लागतात आणि तरीही साप बेटावरून जाईल असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

परक्या जीवाचे आगमन आणि त्याचा उपद्रव सिद्ध होणे, यांच्यामधल्या काळातच जे करायचे ते शक्य आणि स्वस्त असते. नेमका तेव्हाच कागदोपत्री पुरावा नसतो; असते ती कोणाच्या तरी परसात दिसलेली अनोळखी वस्तू. पुरावा हातात आला की मोहिमा निघतात, फलक लागतात, सप्ताह पाळले जातात. आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदले गेलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे आणि आपण दर ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळतो. सप्ताहाला माझी हरकत नाही. पण ज्याला प्रत्येक मूल रस्त्याच्या कडेला पाहते आणि ज्याच्यामुळे अंगाला खाज सुटते, त्या गवताची जाणीव लोकांना करून देणे म्हणजे वरात निघून गेल्यावर बँड लावणे आहे. जाणीव हवी ती न आलेल्या गोष्टीची, आणि ती निर्माण करणे फार अवघड असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण जागृतीची बहुतेक पत्रके त्याच्यावरच उभी असतात. लोक अडाणी आहेत, ते नकळत घाण आणतात, त्यांना शहाणे करा, असा त्यांचा सूर असतो. प्रशांत महासागरातल्या सर्वांत मोठ्या दुर्घटनांकडे पाहिले तर त्या अडाण्यांनी नव्हे, शिकल्यासवरलेल्यांनी, सरकारी शिक्क्याने आणि चांगल्या हेतूने घडवल्याचे दिसते. आफ्रिकन गोगलगायीचीच साखळी घ्या. ही हाताच्या तळव्याएवढी वाढणारी गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यात आणली ती एका शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने. तिच्या भाऊबंदांनी २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडचे सोयाबीनचे कोंब कसे फस्त केले, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. आपण तिला शंखी गोगलगाय म्हणतो. तीच गोगलगाय पूर्वेकडे सरकत प्रशांत बेटांवर पोचली, १९६७ मध्ये ताहितीलाही. पिकांचे नुकसान होऊ लागले तेव्हा तिला खायला फ्लोरिडाकडची एक शिकारी गोगलगाय आणायचे ठरले. हवाईच्या कृषी खात्याने ती १९५५ मध्येच सोडली होती. तोच कित्ता गिरवत १९७४ मध्ये ताहितीत आणि १९७७ मध्ये शेजारच्या मूरियावर ती सोडण्यात आली.

शिकारी गोगलगायीने आफ्रिकन गोगलगायीकडे फारसे लक्ष दिले नाही. मूरियाच्या दऱ्याखोऱ्यांत पार्टुला नावाच्या, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या, झाडांच्या पानांवर राहणाऱ्या गोगलगायींच्या सात जाती होत्या. दर दरीत शंखाचा रंग वेगळा, पट्टे वेगळे, पीळ डावीकडे की उजवीकडे तेही वेगळे. त्यांच्यावर विसाव्या शतकात इतके संशोधन झाले होते की उत्क्रांती प्रत्यक्ष पाहण्याची ती प्रयोगशाळाच मानली जाई. तिथले लोक त्यांच्या शंखांच्या माळा ओवत. शिकारी गोगलगाय शेवाळलेल्या खोडावर पार्टुलाने मागे ठेवलेला चिकट माग हुंगत जाते आणि तिला गाठून खाते. दहा वर्षांत मूरियाच्या रानात पार्टुला उरली नाही. जी वाचली ती ब्रिटन-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत आणि प्राणिसंग्रहालयांत प्लॅस्टिकच्या डब्यांत वाढवलेली. २०२४ मध्ये त्यांतली एक जात पुन्हा मूरियावर स्वतःहून वीण करू लागल्याची खूण मिळाली, तेव्हा ‘जंगलातून नामशेष’ या वर्गातून तिचे नाव निघाले. या सगळ्यात जागृती कोणाची करायला हवी होती? मूरियावर तारोच्या (अळकुडीच्या) वाफ्यात काम करणाऱ्याची, की हवाईतला वीस वर्षांचा अनुभव समोर असताना सोडण्याच्या परवान्यावर सही करणाऱ्याची?

म्हणून जागृतीचा प्रवाह वरून खाली एकाच दिशेने वाहत राहिला तर तिचा उपयोग निम्माच राहील. काय पाहायचे हे लोकांना नेमके सांगितले पाहिजे आणि त्यांनी पाहिलेले ज्याच्यापर्यंत पोचते त्याने लगेच हालचाल केली पाहिजे. ‘निसर्ग वाचवा’ या फलकाने काय होणार? हवाईत छोट्या आगमुंगीसाठी जे केले जाते त्याकडे पाहा. ही मुंगी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, लांबी दीड मिलिमीटर, रंग फिकट नारिंगी. हवाईत ती १९९९ मध्ये सापडली, ताहितीत २००४ मध्ये. झाडावर वस्ती करते. फळे काढणाऱ्याच्या मानेवर वरून पाऊस पडावा तशी पडते आणि डंख मारते. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांवर तिच्या डंखांनी सारा येतो. हवाईतल्या मुंग्यांच्या प्रयोगशाळेने लोकांना सांगितले आहे ते इतकेच: एका काडीच्या टोकाला पीनट बटर पातळसे फासा, कुंडीपाशी, झाडाच्या बुंध्याशी, कचऱ्याच्या डब्याजवळ सावलीत तासभर ठेवा, मग काड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये टाका आणि मुंग्या दिसल्या तर पिशवी आमच्याकडे पाठवा. ऑक्टोबर महिना त्यासाठी ठरवून दिला आहे. शाळेतली मुले हे करतात, रोपवाटिका करतात. यात भाषण नाही, अपराधीपणाची भावना नाही. एक काडी आहे, एक तास आहे आणि पलीकडे पिशवी उघडून पाहणारा माणूस आहे. तो पलीकडचा माणूस काढून घेतला तर बाकीचे सारे खेळ ठरेल.

नेमकेपणा किती कामाचा, हे भुंग्याच्या बाबतीतही दिसते. सामोआतल्या पहिल्या आक्रमणावर साठीच्या दशकात मलेशियात सापडलेल्या एका विषाणूने बराच आवर घातला होता. पण २००७ मध्ये ग्वामवर जो भुंगा आला तो या विषाणूला दाद न देणारा निघाला. हवाईत तो २०१३ मध्ये सापडला, सॉलोमन बेटांची राजधानी होनिआरा इथे २०१५ मध्ये. त्याची खूण आहे नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखी तिरकी खाच. झावळी उलगडली की ती पंख्यासारखी कातरलेली दिसते. कोकणातल्या बागायतदाराला ही खूण उपजत कळावी इतकी सवयीची; तो लगेच तारेचा आकडा घेऊन शेंड्यातले भोक उकरतो आणि शेणखताचा खड्डा उपसून अळ्या शोधतो. ज्या बेटावर हा भुंगा कधी नव्हताच, तिथल्या माणसाला ती झावळी वाऱ्याने फाटलेली वाटते. पत्रक काढायचेच तर या एका झावळीचे चित्र आणि एक फोन नंबर पुरे. जैवविविधतेची व्याख्या नको.

अतिउ या कुक बेटांतल्या छोट्या बेटावर आपल्या साळुंकीचे जे झाले ते यापुढची पायरी दाखवते. नारळाची पाने खाणाऱ्या काडीकिड्यांचा फडशा पाडेल म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे साळुंकी आणली होती. २००७ मध्ये रिमातारा बेटावरून कुरा नावाचे २७ लाल-हिरवे पोपट अतिउवर आणून सोडले गेले. त्यांची पिसे पूर्वजांच्या मानाच्या शिरोभूषणांत लावली जात आणि त्यापायीच ते कुक बेटांवरून संपले होते. साळुंक्या कुराच्या घरट्यांवर हल्ले करू लागल्या, तेव्हा २००९ पासून साळुंक्या संपवण्याची मोहीम निघाली. विष, सापळे, शेवटी बंदुका. गावकऱ्यांना मारलेल्या पक्ष्यामागे पैसे मिळत, म्हणून मोहीम त्यांची झाली. सात-आठ वर्षांत बेट साळुंकीमुक्त झाले. पैशासाठी केले, यात कमीपणा काही नाही. बेटाची राखण हे काम आहे आणि कामाला मजुरी असते. शहरात बसून लोकसहभागाचे गोडवे गाणाऱ्यांना तो नेहमी फुकटात हवा असतो, एवढेच.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: जीव तर कायमच इकडून तिकडे जात आले आहेत, मग आजच गहजब कशाला? पॉलिनेशियन लोकांनीही होड्यांतून तारो, फणसाच्या कुळातले नीरफणस, डुकरे, कोंबड्या आणि उंदीर नेलेच की. खरे आहे, आणि त्या उंदरांनी हवाईतली ताडांची राने पोखरली याचेही पुरावे आहेत. मूळ रहिवासी म्हणजे निसर्गाचे निष्पाप पुजारी असे चित्र रंगवायचे कारण नाही. पण याच उदाहरणातून वेगाचा मुद्दा सिद्ध होतो. वाऱ्यावर, लाकडाच्या ओंडक्यावर, पक्ष्याच्या पायाला चिकटून हवाईसारख्या ठिकाणी नवा जीव रुजायला हजारो वर्षांतून एखादी संधी मिळे. कंटेनरच्या बंदरात ती रोज मिळते. पूर्वीच्या जीवांना जुळवून घ्यायला जो अवधी मिळत होता, तो आता कोणालाच मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मनाला लागणारा आहे: साप, मुंगूस, साळुंकी यांचा दोष काय? त्यांना विष घालून मारणे कोणत्या नीतीत बसते? दोष त्यांचा नाहीच. मात्र मारण्यातली क्रूरता न मारण्याच्या पारड्याशी तोलून पाहावी लागते. पाल्मिरा प्रवाळबेटावर २०११ मध्ये विषारी आमिषाने उंदीर संपवले. त्यानंतर ज्या स्थानिक झाडांची रोपटी उंदीर उगवू देत नव्हते ती जमिनीवर दाटीने उभी राहिली आणि उंदरांच्या रक्तावर जगणारा एशियन टायगर डासही तिथून नाहीसा झाला. एकदाच केलेली हत्या आणि दर वर्षी घरट्यांतून चालणारी हत्या, यांतली निवड आहे. हत्या नसलेला तिसरा पर्याय फक्त जीव उतरण्याआधी असतो. दयेची चाड असणाऱ्यांनी म्हणूनच बंदरावरच्या तपासणीसाठी सर्वांत मोठ्याने बोलायला हवे.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, बेटे बुडायची वेळ आली आहे, गरीब देशांनी स्वतःला बुडण्यापासून वाचवायचे की गोगलगायी मोजत बसायचे? यातला ‘की’ खोटा आहे. हवाईत डास नव्हते. १८२६ मध्ये एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून ते उतरले. पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा हिवताप पसरला आणि पन्नासहून अधिक जातींच्या हनीक्रीपर पक्ष्यांपैकी आज सतराच्या आसपास उरल्या. त्या उरल्या त्या उंच, थंड डोंगरांवर, जिथे डास टिकत नव्हते. आता डोंगर तापत आहेत आणि डास वर चढत आहेत. हवाईतल्या काउआई बेटाचे डोंगर फार उंच नाहीत, त्यामुळे तिथल्या पक्ष्यांना आणखी वर जायला जागाच नाही. तापमानवाढ रोखणे या बेटांच्या हातात नाही. डास, मुंग्या आणि भुंगे रोखणे काही अंशी आहे. हातात आहे ते सोडून हातात नाही त्याचीच चर्चा करणे बड्या देशांच्या सोयीचे असेल, बेटांच्या नाही.

याच डासांवरून जागृतीची आणखी एक बाजू दिसते. २०२३ पासून हवाईतल्याच माउई बेटाच्या रानांवर असे नर डास सोडले जातात, ज्यांच्या शरीरातल्या विशिष्ट जिवाणूमुळे त्यांच्याशी जोडी जमवलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. नर चावत नाहीत. तरी याला विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले. विरोधकांना अज्ञानी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या बेटांवर मुंगूस आणि शिकारी गोगलगाय दोन्ही ‘उपाय’ म्हणून आणली गेली, तिथल्या माणसाने नव्या उपायाकडे संशयाने पाहिले तर तो इतिहास विसरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते डासांची ही योजना योग्य आहे आणि तिला उशीर परवडणारा नाही. पण ती पटवायची तर आधी मूरियाची गोष्ट सरकारी पत्रकात सरकारनेच छापायला हवी: आम्ही तेव्हा काय तपासले नव्हते आणि आता काय तपासले आहे. जुन्या चुका झाकणाऱ्या खात्याच्या नव्या विज्ञानावर कोण विश्वास ठेवील?

सगळ्यांत अवघड अडचण मात्र आक्षेपाच्या रूपात कोणी मांडतच नाही. पहारा यशस्वी झाला की काहीच घडत नाही आणि काहीच न घडल्याचे श्रेय कोणाला मिळत नाही. काउआई हे हवाईच्या मोठ्या बेटांपैकी मुंगसाची वस्ती न झालेले बेट. मुंगूस तिथे का रुजले नाही, याची एक दंतकथा सांगतात: बंदरावर पिंजरा उतरवताना मुंगूस कामगाराच्या बोटाला चावले आणि त्याने संतापून पिंजराच पाण्यात लाथाडला. खरेखोटे कोण जाणे, पण त्या चिडक्या कामगाराचा पुतळा कुठे नाही. ग्वामच्या बंदरावर आणि विमानतळावर बाहेर जाणारा माल हुंगून साप शोधणारी लहानखुरी शिकवलेली कुत्री आहेत. ज्या वर्षी त्यांच्या कामात कसूर होत नाही, त्या वर्षी हवाईत बातमी नसते. आणि बातमी नसलेल्या गोष्टीचा खर्च कापायला कोणत्याही अर्थसंकल्पात हात कचरत नाही. अशा खर्चाच्या पाठीशी उभा राहणारा मतदार तयार करणे, हे जागृतीचे खरे काम आहे. पक्ष्यांची गोजिरी चित्रे त्याला पुरत नाहीत. ग्वामचा आजचा खर्च आणि शेजारच्या सापमुक्त बेटाचा तपासणीचा खर्च, हे दोन आकडे शेजारीशेजारी छापावे लागतात, दर वर्षी, अर्थसंकल्पाच्या आठवड्यात.

आणि हे आकडे कोणासमोर ठेवायचे, हेही उघड आहे. बेटवासी एखादे रोप पिशवीतून नेतो तेव्हा धोका असतोच, पण या महासागरात सर्वांत जास्त माल हलवतात त्या जहाज कंपन्या, पर्यटन उद्योग आणि लष्करे. ओकिनावातून हजारो अमेरिकी मरीन सैनिक ग्वामला हलवण्याची योजना निघाली, तेव्हा मायक्रोनेशिया आणि हवाईसाठी प्रादेशिक जैवसुरक्षा आराखडा तयार करण्याचे काम अमेरिकी संरक्षण खात्याला हाती घ्यावे लागले. आराखडा जाडजूड आहे. कोणत्या बंदरावर कोणती तपासणी हवी याच्या शिफारशी त्यात आहेत. तो अमलात किती आला आणि त्याचे पैसे कोण देणार, हे प्रश्न पलाऊ, चुक, रोटा या बेटांवरच्या माणसाने आपल्या प्रतिनिधीला विचारायचे आहेत. आपिया इथल्या प्रशांत क्षेत्रीय पर्यावरण कार्यक्रमाच्या सचिवालयाने २०१९ पासून बेटदेशांना आक्रमक प्रजातींच्या कामात तांत्रिक मदत देणारी एक यंत्रणा उभी केली आहे, तिच्याकडे माहिती आणि माणसे आहेत. सिहेक खंड्यांपैकी नऊ २०२४ मध्ये रानात सोडले गेले, पण ग्वामवर नाही, हजारो किलोमीटर दूरच्या पाल्मिरावर. कारण तिथे साप कधी आला नाही आणि उंदीर २०११ मध्ये काढले होते. त्यांना ग्वामला परत कधी नेता येईल, हे सापांवर ठरेल. शेजारच्या बेटांवरचे पक्षी आहेत तिथेच राहतील का, हे मात्र त्यांच्या बंदरांवरच्या निरीक्षकांच्या पगारावर ठरणार आहे, आणि तो पगार दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो.